जाड रेषांचं कोडं: भाच्यासाठी कानमंत्र

अरे बाळा, रोजच्या पेपरातलं इंग्रजी क्रिप्टिक शब्दकोडं तू आता चहा गार व्हायच्या आत सोडवतोस. म्हणून काळ्या घरांऐवजी जाड रेषा असलेल्या अवघड कोड्याला हात घातलास, ते फार छान केलंस. आणि पहिल्याच रविवारी फोन, ‘मावशी, यातले निम्मे शब्द मी जन्मात ऐकलेले नाहीत!’ नसणारच ऐकलेले. कधी न ऐकलेला शब्द क्लूवरून एकेक अक्षर जोडत उभा करायचा आणि मग तो डिक्शनरीत खरोखरच सापडायचा, या कोड्यातला सगळा आनंद तिथेच तर आहे. घाई न करता वाच.

१. शब्द आधी बांध, डिक्शनरी मागाहून उघड – नुसती पानं चाळलीस तर हजार शब्द भेटतील, बांधून गेलास तर एकाच नोंदीपाशी थांबायचं असतं.

२. डिक्शनरी मात्र चेंबर्सच घे – ही कोडी तिच्याच भरवशावर रचलेली असतात, दुसऱ्या कोशात शब्द नाही म्हणून बरोबर उत्तर खोडून बसशील.

३. क्लूचे दोन भाग, व्याख्या आणि अक्षरांची जुळणी; व्याख्या सुरुवातीला असते नाहीतर शेवटी, मध्ये नसते – म्हणून दोन्ही टोकांच्या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारायची सवय लाव. व्याख्या उभी उंबऱ्यात, आपण शोधतो परसात. अख्खा क्लूच व्याख्या असण्याचा एक प्रकार आहे खरा, पण तो क्वचित. त्याच्या नादी इतक्यात लागू नकोस.

४. क्लू वाचून डोळ्यापुढे जे चित्र येतं ते बाजूला ठेव – ते तुला भुलवायलाच रंगवलेलं असतं. ‘फ्लॉवर’ दिसलं की फूल आठवतं, पण जे ‘फ्लो’ होतं तेही फ्लॉवरच, म्हणजे नदी: डी, पो, एक्स. ‘बँकर’सुद्धा पुष्कळदा नदीच असते, तिला दोन काठ असतात ना.

५. आता एक क्लू जरा जवळून बघू, तुझ्यासाठी मीच केलाय: ‘ग्रॅज्युएट, ज्युनिअर, वन गेटिंग इंडियन ग्रेन’, अक्षरं पाच. पदवीधर म्हणजे बी-ए, ज्युनिअरचं संक्षिप्त रूप जे-आर, ‘वन’चं आय, जोडून वाच – बाजरी! व्याख्या शेवटी होतीच, ‘इंडियन ग्रेन’, आणि ‘गेटिंग’ हा नुसता सांधा.

६. आणि लगेच पेन टेकवू नकोस, थांब – ‘वन’ म्हणजे आय होतो तसा ए-ही होतो. मग शेवटी आय की ए, बाजरी की बाजरा? चेंबर्समध्ये दोन्ही आहेत. ते शेवटचं घर दुसऱ्या शब्दाशी छेदत असेल तर निकाल तो दुसरा शब्द देईल. छेदत नसेल तर नेकीनं कोडं रचणारा तिथे ‘वन’ ठेवणारच नाही. ‘आयलंड’ घालेल, कारण त्याचं संक्षिप्त रूप आय हेच.

७. म्हणून प्रत्येक उत्तर दोन्ही बाजूंनी पटवून घे, व्याख्येनंही आणि अक्षरांच्या जुळणीनंही – एकाच बाजूनं पटलेलं उत्तर चुकीचं निघालं तर शेजारचे चार शब्द सोबत घेऊन बुडतं. ही एक सवय लागली तरी तुझे निम्मे रविवार वाचतील.

८. आपल्याकडच्या शब्दांना स्पेलिंगची सवलत दे – कंपनीच्या काळातल्या साहेबांनी ते कानाला लागतील तसे लिहिले आणि कोशात ती सगळी रूपं राहिली. पेशव्याची तीन रूपं सापडतील, निलगाईची त्याहून जास्त. जोवार, तोळा, तहसीलदार, बाभूळ दिसले की लंडनचा माणूस कोश उघडतो. तुला ते पाळण्यापासून ठाऊक आहेत, तेव्हा ‘इंडियन’ लिहिलेला क्लू सगळ्यात आधी घ्यायचा.

९. ‘जॉक’, ‘ग्लासगो’, ‘पर्थ’ असं काही दिसलं की स्कॉटिश शब्द शोध – चेंबर्स हे मूळचं एडिंबरोचं घराणं, त्यांचा १९०१ चा कोश तिथूनच निघाला आणि स्कॉटिश शब्द त्यात आजही भरभरून आहेत. क्लूत स्पेन्सर आला तर सोळाव्या शतकातल्या त्या कवीचं वेडंवाकडं स्पेलिंग धर. ‘वन्स’ किंवा ‘ओल्ड’ असेल तर शब्द कालबाह्य.

१०. पहिल्या आडव्यापासूनच सुरुवात केली पाहिजे असं कुणी सांगितलं? आधी ॲनाग्रॅम हुडक – त्याची सगळी अक्षरं समोर मांडलेली असतात, फक्त ‘ड्रंक’, ‘ब्रोकन’, ‘वाइल्ड’ असा गोंधळ सुचवणारा शब्द तेवढा ओळखायचा.

११. ॲनाग्रॅमची अक्षरं एका ओळीत लिहू नकोस, गोलात मांड – ओळीत लिहिली की डोळा जुनाच शब्द वाचत राहतो. आणि आधी मोजून घे. मोजून घातलेलं अक्षर पुसावं लागत नाही.

१२. विरामचिन्हांकडे दुर्लक्ष कर – ती चित्रासाठी असतात, उत्तरासाठी नाहीत. कॅपिटल अक्षराचं थोडं वेगळं: साध्या शब्दाला फसवं कॅपिटल चालतं, पण विशेषनामाचं कॅपिटल काढून घेणं नियमात बसत नाही.

१३. पेन्सिल मऊ आणि खोडरबर हाताशी.

१४. एक छोटी वही कर: खलाशी म्हणजे ए-बी किंवा टार, ‘वर्कर’ म्हणजे मुंगी किंवा मधमाशी, ‘लव्ह’ म्हणजे टेनिसमधलं शून्य – हे तुकडे पुन्हापुन्हा येतात, दरवेळी नव्यानं कशाला शोधायचे!

१५. कोडं रचणाऱ्याला वैरी समजू नकोस. ‘ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश रविवारच्या पेपरात १९२६ पासून टोर्केमाडा, १९३९ पासून झिमिनीझ आणि १९७२ पासून ॲझेड, अशी ही परंपरा. तिन्ही टोपणनावं स्पेनच्या धर्मन्यायालयाच्या प्रमुखांची; ॲझेड हे ‘देझा’चं उलटं रूप. पण नावावर जाऊ नकोस. झिमिनीझ म्हणजे डेरिक मॅकनट, पेशानं शिक्षक, आणि त्यांनी १९६६ साली अख्खं पुस्तक लिहिलं ते सोडवणाऱ्याशी नेकीनं कसं वागावं यावरच – ते नियम पाळणारा माणूस तुला चकवेल, पण फसवणार नाही. क्लूतला प्रत्येक शब्द काही ना काही काम करत असतो, असं धरूनच चाल.

१६. जाड रेषांना घाबरू नकोस, उलट त्यांचे आभार मान – काळ्या घरांच्या जाळीत साधारण निम्मीच अक्षरं दुसऱ्या शब्दाशी छेदतात, इथे त्याहून पुष्कळ जास्त. शब्द अवघड म्हणून मदत जास्त, असा हा चोख हिशोब आहे. एक कोपरा घट्ट बसला की तिथूनच पुढे सरकायचं, चारही कोपऱ्यांत ठिणग्या टाकत फिरायचं नाही.

१७. अर्धा तास एकाच क्लूवर गेला तर ऊठ, भांडी घास, झोप काढ – डोकं त्या चुकीच्या चित्रात अडकलेलं असतं, परत आल्यावर तोच क्लू वेगळा दिसतो. मोबाइलवर उत्तर मात्र बघू नकोस. शब्द कोशात आहे का एवढंच बघ. उत्तर बघितलंस तर रविवार तिथेच संपला.

१८. राहिलेलं कोडं टाकून देऊ नकोस, उत्तरं छापून आली की जे सुटलं नव्हतं तेच आधी बघ, आणि प्रत्येकाची जुळणी स्वतः मांड – उत्तर विसरलं तरी चालेल, युक्ती हाताला लागली पाहिजे.

१९. आणि महिन्यातून एखादा क्लू स्वतः रच – ॲझेड हे काम वाचकांकडून स्पर्धा घेऊन करवून घेत, कारण रचायला बसलं की दुसऱ्याच्या खुब्या दिसू लागतात. तू तोळ्यापासून सुरुवात कर: टी-ओ-एल-ए उलटं वाचलंस की ‘ए लॉट’ होतं. आता वजन आणि उलटापालट दोन्ही एका सरळ वाक्यात बसव, आणि मला पाठव.