सिम्सचं घर कुठं बांधावं?

'द सिम्स' हा घर बांधून माणसांचा संसार चालवायचा खेळ घ्यायचा ठरला की घरात चर्चा सुरू होते ती मशीनची. टीव्हीला जोडायचं प्लेस्टेशनसारखं कन्सोल आणावं की लॅपटॉप? खेळ दोन्हींवर सारखाच, असं धरून चालून किमती तपासल्या जातात, आणि पैसे वाया जायला तिथूनच सुरुवात होते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बुलडाणा जिल्ह्यातल्या बहुतेक घरांनी हा खेळ कॉम्प्युटरवर घ्यावा. कन्सोल आधीपासून घरात असेल तर खुशाल खेळावा, पण त्यावर रुपया खर्चण्याआधी तो रुपया कुठं अडकणार आहे ते समजून घ्यावं.

हा खेळ जन्माने माउसचा आहे. 1991 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या वणव्यात या खेळाचे रचनाकार विल राइट यांचं घर जळालं. संसार पुन्हा उभा करताना सुचलेल्या कल्पनेतून मॅक्सिस कंपनीचा हा खेळ घडला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये कॉम्प्युटरवर आला. कन्सोलवर तो पोचला 2003 साली. पुढे फरक वाढत गेला. 2004 च्या कॉम्प्युटरवरच्या 'सिम्स 2' ची सगळी मजा पिढ्यांमध्ये होती: मूल जन्मतं, आईचं नाक नि बापाचे डोळे घेऊन वाढतं, म्हातारं होतं, मरतं. वर्षभराने त्याच नावाने प्लेस्टेशन 2 वर जो खेळ आला त्यात माणसं म्हातारी होत नव्हती आणि त्यांना मुलंही होत नव्हती. निन्टेन्डो डीएसवरच्या 'सिम्स 2' मध्ये तर वाळवंटातलं एक हॉटेल चालवायचं होतं. डब्यावर नाव तेच, आत भलताच खेळ. खेळांच्या धंद्यात याला फसवणूक म्हणत नाहीत, 'आवृत्ती' म्हणतात.

ही झाली जुनी गोष्ट, असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. 'सिम्स 4' कॉम्प्युटरवर 2014 साली आला, प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वनवर नोव्हेंबर 2017 मध्ये, आणि या वेळी खेळ मुळात एकच आहे. विस्तार-पॅकही दोन्हीकडे मिळतात. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून बेतलेला कपड्यांचा संच 2021 मध्ये आला, तो कन्सोलवाल्यांनाही मिळाला. मग फरक उरला कुठे? पहिला हातात. खोली बांधताना माउसने एका कोपऱ्यावर दाबायचं, ओढत समोरच्या कोपऱ्यात न्यायचं नि सोडायचं. चार भिंती उभ्या. कंट्रोलरवर अंगठ्याने दांडी ढकलत कर्सर न्यावा लागतो, तो एक चौकट पुढे जातो, मागे आणावा लागतो. ज्याला फक्त माणसं नांदवायची आहेत त्याचं यात काही बिघडत नाही. ज्याला ओसरी, माजघर आणि धाब्याचं घर हुबेहूब उभं करायचंय तो तासाभरात कंटाळतो. (धाब्याचं घर या खेळात फार सोपं, छप्पर टाकायचंच नाही.)

दुसरा फरक मोठा आहे. कॉम्प्युटरवर 'डॉक्युमेंट्स'मध्ये 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स', त्यात 'द सिम्स 4', आणि त्यात 'मॉड्स' नावाचं एक फोल्डर असतं. जगभरच्या हौशी लोकांनी बनवलेल्या साड्या, दागिने, भांडी त्यात टाकली की खेळात दिसू लागतात. नऊवारी हवी आणि कंपनी देत नसेल, तर ती स्वतः बनवायची वाट याच फोल्डरातून जाते. खेळ मराठीत नाही. हौशी भाषांतर कधी झालंच तर तेही इथूनच शिरेल. कन्सोलवर हे दार बंद आहे. त्यावर आक्षेप असा, की उघड्या दारातून व्हायरसही येतो आणि नवा अपडेट आला की जुने मॉड खेळ बिघडवतात. दोन्ही खरं आहे. अपडेटआधी ते फोल्डर बाहेर काढून ठेवणं आणि अनोळखी ठिकाणची 'ईएक्सई' फाइल न उघडणं, एवढी शिस्त मुलाला लावावीच लागते. ती लावायला वेळ नसेल, तर बंद दार बरं, हे मी मान्य करतो.

सगळ्यात जोरदार आक्षेप पैशाचा. साधा लॅपटॉप तापतो, अडखळतो. त्यापेक्षा फक्त खेळासाठी बनलेलं यंत्र बरं, असं म्हणतात. पण हिशेब मांडून बघा. प्लेस्टेशन 5 भारतात 2021 मध्ये आलं तेव्हा डिस्कवाल्याची किंमत 49,990 रुपये होती, आणि त्यावर बारावीचा प्रोजेक्ट टाइप होत नाही, की पीक विम्याचा अर्ज भरता येत नाही. 'सिम्स 4' ला 64-बिट विंडोज आणि किमान 4 जीबी रॅम लागते. 8 असेल तर चित्रांची पातळी खाली ठेवून अभ्यासाच्या लॅपटॉपवरही निभतं. शिवाय आपल्याकडे लाईट जाते. इन्व्हर्टरवर पंखा आणि दोन दिवे असतात, टीव्ही बहुधा नसतो. लाईट गेली की कन्सोल जागच्या जागी बंद पडतं आणि शेवटच्या सेव्हनंतर बांधलेला मजला जातो. लॅपटॉपची बॅटरी निदान सेव्ह करण्याइतकी उसंत देते. डेटाचा भार मात्र दोन्हीकडे सारखाच. मूळ खेळ पंचवीस जीबीच्या घरात जातो, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर सतरा दिवसांचा डेटा. ज्या घरात ब्रॉडबँड आहे तिथून उतरवून आणलेला बरा.

मूळ 'सिम्स 4' ऑक्टोबर 2022 पासून सगळीकडे फुकट आहे. त्यामुळे जुन्या बाजारात त्याची डिस्क कुणी 'स्वस्तात' देत असेल तर घेऊ नये. 2017 नंतरचे अपडेट शेवटी डेटा खर्चूनच उतरवावे लागतात. खरा खर्च पॅकचा, आणि प्लेस्टेशनवर घेतलेला पॅक उद्या लॅपटॉप आला तरी त्यावर चालत नाही. सेव्ह केलेला संसारही तिकडे जात नाही. 2020 पासून कन्सोलवरही 'गॅलरी' आहे, तिच्यातून बांधलेलं घर किंवा कुटुंब इकडून तिकडे नेता येतं, पण त्या कुटुंबाची घराबाहेरच्या लोकांशी जुळलेली नाती, आठवणी, चार पिढ्यांचा इतिहास मागेच राहतो. यंत्र जुनं झाल्यावरही हेच: प्लेस्टेशन 3 ची डिस्क प्लेस्टेशन 4 वर चालत नाही, उलट 2000 आणि 2004 चे पहिले दोन 'सिम्स' जानेवारी 2025 मध्ये विंडोजवर पुन्हा विक्रीला आले. म्हणून कन्सोल घरात असेल तर त्यावर फुकटचा मूळ खेळ महिनाभर खेळू द्यावा आणि मूल काय करतं ते बघत राहावं. ते माणसांची भांडणं लावून सोडवत बसलं, तर कन्सोल पुरे. ते रोज नवी भिंत पाडून जिना हलवत असेल, तर पहिला पॅक घेण्याआधी लॅपटॉपसाठी पैसे साठवायला लागावं.