संत्र्याला रात्री भोक कोण पाडतं?

प्रश्न : सातपुड्याच्या पायथ्याशी आमची संत्र्याची बाग आहे. पोळा झाला की आंबियाची फळं गळायला लागतात. फवारण्या केल्या, तरी सकाळी झाडाखाली फळं पडलेलीच. फळावर टाचणीनं टोचल्यासारखं भोक असतं, पण कीड कुठंच दिसत नाही. हे काय असावं?
— एक बागायतदार, जळगाव जामोद

उत्तर : रात्री आठ-नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन बागेत फिरा. फळांवर मोठे पतंग बसलेले दिसतील. पंख पसरले की ८ ते १० सेंटीमीटर भरतात. वरचे पंख वाळक्या पानासारखे, खालचे नारिंगी आणि त्यांवर काळे पट्टे-ठिपके. हा रस शोषणारा पतंग. त्याची सोंड इतकी टणक आणि काटेरी असते, की ती साल भेदून थेट फोडीपर्यंत जाते. भोकाभोवतीचा भाग मऊ पडतो, दाबला तर रस उडतो, मग बुरशी शिरते आणि फळ गळतं. दिवसा हा पतंग झुडपांत, पालापाचोळ्यात दडून असतो.

फवारणी वाया जाते ती याचमुळं. औषध सालीवर राहतं आणि हा सालीखालचा रस पितो. शिवाय याची अळी संत्र्यावर वाढतच नाही. ती वाढते गुळवेल आणि वासनवेल यांसारख्या रानवेलींवर. पावसाळ्यात या वेली फोफावतात, अळ्यांना पोटभर पाला मिळतो, आणि ऑगस्टपासून पतंग वाढत जातात. नेमकी त्याच वेळी आंबियाची फळं रसात भरत असतात. डोंगराला लागून असलेल्या बागांना त्रास जास्त होतो तो यामुळंच.

म्हणून उपायाची सुरुवात धुऱ्यावरून करा. धुऱ्यावरच्या आणि कुंपणावरच्या या वेली जुलैतच काढून टाका. गुळवेल औषधी आहे, हे खरं. घराजवळ हवी तर ठेवा, बागेला लागून नको. मात्र रानात जाऊन वेली तोडू नका. शेजारच्या संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा हे तर अभयारण्य आहे, आणि जंगल साफ करून पतंग संपतील असं मला वाटत नाही.

दुसरं काम धुराचं. दिवस मावळल्यापासून दोन-तीन तास बागेत जागोजाग गोवऱ्या आणि काडीकचरा पेटवून वर कडुनिंबाचा ओला पाला टाका. पतंग फळाच्या वासावर येतो आणि धुरानं तो वास दबतो. पण एकट्यानं धूर केला तर पतंग शेजाऱ्याच्या बागेत जातात. शिवारातल्या सगळ्यांनी एकाच वेळी धूर केला पाहिजे, आणि यासाठी गावात बसून बोलणं मला फवारणीपेक्षा मोलाचं वाटतं. गूळ आणि सडक्या फळांचा रस यांत कीटकनाशक मिसळून केलेलं आमिष रुंद तोंडाच्या भांड्यांत झाडांमध्ये ठेवतात, तेही उपयोगी आहे. मात्र औषध कोणतं आणि किती, हे जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच ठरवा, आणि ती भांडी लेकरांच्या, गुरांच्या वाटेत येऊ देऊ नका.

पडलेली फळं रोज वेचा आणि खोल पुरा. त्यांच्या वासानंच आणखी पतंग येतात.

त्याआधी एक खात्री करून घ्या, कारण सगळी गळ पतंगाची नसते. फळ फोडून बघा. आत बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर ती फळमाशी. देठाकडून काळं पडत आलं असेल तर देठसड. जमिनीलगतच्या फांद्यांवरची फळं तपकिरी पडून कुजत असतील तर ती फायटोप्थोरा बुरशी. तिथं पाण्याचा निचरा सुधारा आणि खालच्या फांद्यांना टेकू द्या. आणि डाग नाही, भोक नाही, तरी फळ पडतंय, तर झाडाला पाण्याचा किंवा अन्नद्रव्यांचा ताण आहे. अशा चार-पाच फळांचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात दाखवायला नेताना ती त्याच सकाळी पडलेली असू द्या. दोन दिवसांच्या सडक्या फळावरून कारण ओळखणं अवघड जातं.