नोकरी कशावर मिळते : शिक्षणावर की उपजत बुद्धीवर?

प्रश्न : मी बी.कॉम. असून एका पतसंस्थेत काम करतो. माझा धाकटा भाऊ दहावीनंतर गॅरेजात लागला. आज इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून तो बिघाड कुठे आहे ते सांगतो. नव्या मॉडेलची गाडी दुरुस्तीला आली की दोन दिवसांत तिचे सगळे वायरिंग त्याला पाठ झालेले असते. पण एमआयडीसीतल्या कोणत्याही कारखान्यात अर्ज केला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘आयटीआय झालंय का?’ नाही म्हटले की अर्ज बाजूला. आम्हा दोघांत खरा हुशार तोच, हे घरात सगळे मानतात. मग नोकरी देणारे शिक्षणालाच एवढे महत्त्व का देतात? उपजत बुद्धीला काहीच किंमत नाही का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर आधी देतो. आलेल्या अर्जांतून मुलाखतीला कोणाला बोलवायचे, हे बहुतेक ठिकाणी शिक्षणावर ठरते. बोलावलेल्यांतून कोणाला घ्यायचे आणि घेतलेल्यांतून कोण पुढे जाणार, हे मात्र पुष्कळसे अंगच्या गुणांवर ठरते. तुमच्या भावाचे गुण दुसऱ्या टप्प्यावर चमकणारे आहेत आणि त्याची अडवणूक पहिल्याच टप्प्यावर होते आहे.

मालकाच्या बाजूने पाहिले तर याचे कारण कळते. एका जागेसाठी ढिगाने अर्ज येतात. हुशारी अर्जावर दिसत नाही. प्रत्येक उमेदवाराला बोलावून इंजिन उघडायला लावायचे तर वेळ जातो, माणसे गुंततात. प्रमाणपत्र पाहायला मिनिटही लागत नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये या व्यवहाराची मीमांसा केली. त्यांचे म्हणणे असे की, शिक्षणाने कामातले कसब जराही वाढत नाही असे घटकाभर धरले, तरी मालक पदवी मागतच राहतील. ज्याच्या अंगी कुवत आहे त्याला ती मिळवणे इतरांपेक्षा कमी कष्टाचे जाते, म्हणून पदवी ही त्या न दिसणाऱ्या कुवतीची खूण ठरते. २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांत स्पेन्स होते. त्यांच्याआधी अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ च्या ग्रंथात दुसरी बाजू मांडली होती : शिक्षणाने माणसाची काम करण्याची क्षमता खरोखर वाढते. व्यवहारात दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. आयटीआयमध्ये मुलगा मायक्रोमीटर धरायला आणि ड्रॉइंग वाचायला शिकतो, आणि दोन वर्षे वेळेवर येऊन त्याने अभ्यासक्रम पुरा केला, हेही त्यातून कळते.

आता ही खूण कितपत भरवशाची, ते पाहू. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये, नोकरभरतीच्या पद्धतींवर त्याआधीच्या ८५ वर्षांत झालेले संशोधन एकत्र तपासले. निवडीच्या वेळी जे पाहिले जाते त्याचा पुढच्या प्रत्यक्ष कामाशी किती मेळ बसतो, हे त्यांनी आकड्यांत मांडले. शून्य म्हणजे काहीच मेळ नाही आणि एक म्हणजे पूर्ण मेळ. बुद्धिमत्ता चाचणीचा आकडा ०.५१ निघाला, कामाचा नमुना करून दाखवायला लावण्याचा ०.५४ आणि शिक्षणाच्या वर्षांचा अवघा ०.१०. पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही आकडेमोड नव्याने केली. त्यात बुद्धिमत्ता चाचणी ०.३१ वर उतरली आणि सर्व उमेदवारांना आधी ठरवलेले तेच प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत ०.४२ मिळवून पहिली आली.

यातला एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. एकाच पदावर काम करणारी माणसे बहुधा सारखीच शिकलेली असतात, त्यामुळे त्यांच्यात शिक्षणाने पडणारा फरक मुळातच लहान दिसतो. हे धरूनही एवढे नक्की म्हणता येते की, कोणी किती वर्षे शिकला यावरून तो काम कसे करील हे फारसे सांगता येत नाही, आणि एकट्या बुद्धीवरूनही ते पुरते कळत नाही. काम करवून पाहणे आणि सर्वांना सारखे नेमके प्रश्न विचारणे, या दोन पद्धती अधिक न्याय देतात. तुमच्या भावाला हवी आहे ती अशीच संधी.

अशी संधी न मिळाल्याने अडलेला सर्वांत मोठा माणूस आपल्याच देशात होऊन गेला. श्रीनिवास रामानुजन यांना गणितापुढे दुसरा विषय दिसत नसे. त्यामुळे ते एफ.ए. या पदवीपूर्व परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाले आणि कुंभकोणमच्या कॉलेजातली शिष्यवृत्तीही गेली. पदवी नाही म्हणून धड नोकरी नाही, अशा अवस्थेत फेब्रुवारी १९१२ मध्ये त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टकडे कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र जोडले. १ मार्च १९१२ रोजी ते दरमहा ३० रुपयांवर कामाला लागले. तिथले मुख्य लेखापाल एस. नारायण अय्यर स्वतः गणित जाणणारे होते आणि रामानुजन यांच्या वह्यांत काय आहे, हे त्यांना समजत होते. जानेवारी १९१३ मध्ये रामानुजन यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना आपली प्रमेये लिहून पाठवली. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. नियमाप्रमाणे त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागत होती. ती अट विद्यापीठाने त्यांच्यासाठी बाजूला ठेवली. १९१६ मध्ये केंब्रिजने संशोधनाच्या बळावर त्यांना बी.ए. केले आणि १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

ही हकीकत सांगून ‘बघा, पदवीवाचून काही अडत नाही’ असे मुलांना सुनावणारे पुष्कळ भेटतात. मला ती नेमकी उलट वाटते. एवढ्या अलौकिक बुद्धीच्या माणसालाही वर यायला चार गोष्टींची गरज पडली : लिहून ठेवलेले काम, ते वाचू शकणारा जाणकार, त्याची लेखी शिफारस आणि पुढे नियम शिथिल करायला तयार झालेली संस्था. यातली चौथी गोष्ट नशिबाची आहे. पहिल्या तिन्ही मात्र प्रयत्नाने मिळवता येतात आणि तुमच्या भावाने त्यांच्याच मागे लागावे.

तुमच्या प्रश्नातल्या एका गृहीताशी मी सहमत नाही. बुद्धी जन्मतः मिळते आणि शिक्षण बाहेरून चिकटते, अशी वाटणी खरी नाही. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त चाचणी तयार करणारे आल्फ्रेड बिने यांचेच मत होते की, योग्य शिकवणीने मुलांची बुद्धी वाढवता येते. चाचणी केली तीही वर्गात मागे पडणारी मुले शोधून त्यांना मदत मिळावी म्हणून. स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली, तेव्हा शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे बुद्ध्यंक सुमारे १ ते ५ गुणांनी वाढतो असे आढळले. तुमचा भाऊ उपजत हुशार असेलही. पण आवाजावरून बिघाड ओळखणे तो गॅरेजात शिकला. तेही शिक्षणच आहे, फक्त त्यावर कोणाचा शिक्का नाही.

शिक्का मागण्यालाही मर्यादा हवी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात ती आखून दिली. या वीज कंपनीच्या उत्तर कॅरोलायनातल्या केंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त मजुरीच्या विभागात ठेवले जाई. वंशावरून भेद करण्यास कायद्याने बंदी आली, तेव्हा मजुरीच्या विभागातून वर जाण्यासाठीही शालान्त प्रमाणपत्राची अट लागली आणि बुद्धिमत्ता चाचणीची भर पडली. त्याच विभागांत प्रमाणपत्र नसलेले जुने गोरे कामगार व्यवस्थित काम करत होते. न्यायालयाने निकाल दिला की, अटीमुळे एखादा समाज बाहेर फेकला जात असेल, तर त्या अटीचा कामाशी संबंध मालकाने दाखवून द्यायला हवा. शिक्षणाची अट आणि बुद्धीची अट, दोन्ही या कसोटीवर टिकल्या नाहीत. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. जे काम करायचे आहे त्याचीच परीक्षा घ्या, एवढेच त्याचे सांगणे आहे.

आपल्याकडे सरकारी नोकरीत प्रमाणपत्राऐवजी नुसते काम पाहून माणूस घेण्याची मोकळीक नाही आणि त्यालाही सबळ कारण आहे. पदासाठी लागणारी किमान पात्रता सेवाप्रवेश नियमांत लिहिलेली असते, म्हणजे अधिकाऱ्याला आपल्या मर्जीतला ‘हुशार’ माणूस आत घेता येत नाही. महाराष्ट्रात पोलीस शिपायाला बारावी लागते, केंद्रीय नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. पदवीला किती टक्के होते, हे तिथे कोणी विचारत नाही, पुढचे सगळे परीक्षेतल्या गुणांवर. नियम किती काटेकोर असतो ते २०२० च्या एका निकालात दिसले. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई पदासाठी उमेदवार बारावी झालेला असावा आणि पदवीधर नसावा, अशी अट होती. एकाने पदवी लपवून नोकरी मिळवली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरोधात निकाल दिला. शिक्षण जास्त असूनही ती जागा गेली.

आता तुमच्या भावाने काय करावे, ते सांगतो. दहावी झालेली असल्याने आयटीआयचा ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याला खुला आहे. तो पुरा केल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात. गॅरेजात घालवलेली वर्षे तिथे वाया जाणार नाहीत, उलट प्रात्यक्षिकात तो वर्गाच्या पुढे असेल. पूर्ण वेळ शिकणे परवडत नसेल, तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतन घेऊन काम शिकण्याची सोय आहे. आधीपासून अंगी असलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत करण्यात आली. जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये जाऊन या वाटांपैकी सध्या कोणती खुली आहे, ते विचारा.

प्रमाणपत्र हाती येईपर्यंत त्याने एक वही घालावी. गाडी कोणती, तक्रार काय होती, बिघाड कसा शोधला, कोणता भाग बदलला आणि खर्च किती आला, हे रोज लिहावे. गॅरेजच्या मालकाकडून कामाचे लेखी पत्र घ्यावे. मोठ्या कारखान्याच्या दारात अर्ज टाकण्याऐवजी अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या वर्क्स मॅनेजरला गाठावे, वही दाखवावी आणि ‘एक दिवस काम करून दाखवतो’ असे स्वतःहून सांगावे. ज्याला इंजिन कळते त्याला ती वही वाचता येईल.

हे वाचणाऱ्या कारखानदारांनाही माझी विनंती आहे. जिथे कायदा पदवी मागतो तिथे ती जरूर मागा. डॉक्टर किंवा बॉयलर चालवणारा माणूस पात्रतेवाचून कोणालाच नको. पण जिथे हाताचे कसब हवे आहे, तिथे जाहिरातीत ‘किंवा कामाची चाचणी उत्तीर्ण’ एवढे चार शब्द वाढवा. एका दिवसाची चाचणी तुम्हाला वर्षानुवर्षे टिकणारा कारागीर मिळवून देऊ शकते.

आणि तुम्हाला एवढेच सांगतो : भाऊ हुशार आहे, हे घराने मानून भागणार नाही. आयटीआयच्या पुढच्या प्रवेशफेरीचा अर्ज त्याच्याकडून भरून घ्या आणि फीची सोय तुम्ही करा.