गृहबांधणीस निघालेल्या पुतण्यास



मुळशी तालुक्यात गृहसंकुल उभारण्याचा तुझा मनोदय कळला आणि भांडवलदारांना दाखवावयाची रंगीत चित्रेही पाहिली. चित्रे सुबक आहेत. परंतु जो मनुष्य आपली पुंजी परक्याच्या हाती सोपवितो, तो लाभाच्या गणितापेक्षा ती बुडण्याच्या शक्यताच अधिक बारकाईने पाहतो, आणि त्या शक्यतांचा बंदोबस्त तू अगोदरच केला आहेस अशी कागदोपत्री खात्री पटल्यावाचून तो थैली सैल करीत नाही.

सातबाऱ्यावर विक्रेत्यांची नावे आहेत एवढ्यावरून तू निश्चिंत झालेला दिसतोस. सातबारा हा महसुली अभिलेख आहे; त्याने मालकी निर्माण होत नाही. मागील तीस वर्षांचे फेरफार व दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील दस्त वकिलाकडून तपासून घे. कुळकायद्याच्या कलम 43 चा शेरा आहे काय, जमीन भोगवटादार वर्ग 2 ची तर नाही ना, हेही पाहा. जमीन वडिलोपार्जित असून विक्रेते तिघे भाऊ आहेत असे तू लिहितोस. त्यांना बहिणी आहेत काय, याविषयी पत्रात एक अक्षर नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने अशा मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा केला असताही भाऊ परस्पर सौदा करतात, आणि इमारत दुसऱ्या मजल्यावर आली असता बहिणीच्या दाव्यावरून मनाईहुकूम येतो. लोक तेव्हा तिला बोल लावतात, हा मला धडधडीत अन्याय वाटतो, कारण तिला आधी विचारणे हे जमीन घेणाऱ्याचे कर्तव्य होते. तिला योग्य मोबदला देऊन, तिच्या सहीनिशी नोंदणीकृत दस्त कर.

याहूनही मला चिंता वाटते ती पैशाच्या व्यवहाराची. एका इमारतीच्या ग्राहकांच्या हप्त्यांतून दुसरी जमीन घेण्याच्या मोहापायी आपल्याकडे कित्येक इमारतींचे सांगाडे अर्धवट उभे राहिले. मागणी ओसरली की पहिल्या कामाला सिमेंट मिळत नाही आणि दुसऱ्या जमिनीला ग्राहक. म्हणूनच 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकांच्या रकमेपैकी 70 टक्के भाग त्या प्रकल्पाच्या जमीन-बांधकामासाठी स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे, आणि वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांवर, झालेल्या कामाच्या प्रमाणातच काढण्याचे बंधन घातले. तू त्यास जाच म्हणतोस. मी म्हणतो, उरलेल्या 30 टक्क्यांनाही तीच शिस्त लाव, आणि दर तिमाहीचा हिशेब भांडवलदारांनी मागण्यापूर्वी त्यांच्यापुढे ठेव.

त्याच कायद्याखालील महारेरा प्राधिकरणाकडे नोंदणी होईतो जाहिरातसुद्धा देऊ नकोस, आणि नोंदणीकृत करारनाम्यावाचून किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम कोणाकडून घेऊ नकोस. चार इमारतींऐवजी प्रथम दोनच हाती घे. त्यांचा भोगवटा दाखला हाती असलेल्या माणसाशी बँकही निराळ्या स्वरात बोलते.

शासकीय मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात याच आठवड्यात दे, आणि हद्दीच्या खुणा लगतच्या खातेदारांसमक्ष कायम होईपर्यंत विसारपावतीवर सही करू नकोस.