डोळ्यांना चकवणारी हिकमत

मुलांनो, चित्रपटात वस्तू आपोआप हलतात, मेलेले प्राणी जिवंत होतात. हे कसे घडते?

१९१२ साली दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा ठेवून ते ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत. ती चित्रे पडद्यावर भराभर धावली, तेव्हा कोंब पाहता पाहता मोठा झाला! हा लहानसा चित्रपट दाखवून त्यांनी भांडवल मिळवले. १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

१९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’ या चित्रपटात बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या दोऱ्याने वस्तू हलवल्या. मागचा पडदाही काळा, म्हणून दोरा दिसला नाही. लोक त्यांना ‘काला धागा’ म्हणू लागले.

पुढे संगणक आला. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मध्ये काही डायनोसॉर यंत्राचे होते, काही संगणकावर तयार केलेले. यंत्राचा प्राणी नटासमोर उभा असतो. संगणकाचा प्राणी नंतर चित्रात येतो. नटाला रिकाम्या जागेकडे पाहून घाबरावे लागते.

चित्रपटातील हिकमत करमणुकीसाठी असते, हे आपण जाणतो. पण तीच हिकमत खरी बातमी म्हणून मोबाईलवर आली, तर ती फसवणूक होते. फाळक्यांनीही हिकमत केली. पण रोप खरे होते. म्हणून चित्र पाहताच विश्वास ठेवू नये. ते कोणी, कसे व कशासाठी बनवले, हे आधी विचारावे.

स्वाध्याय
१. दोरा लोकांना का दिसला नाही?
२. हिकमत आणि फसवणूक यांत फरक काय?
३. कुंडीत तुरीचा दाणा पेरा. रोज वहीच्या एकेका पानावर रोपाचे चित्र काढा. महिन्याने पाने भराभर उलटून पाहा.