हुकूमनाम्याची नक्कल कुठे मिळेल?

प्रश्न : माझा घटस्फोट २०११ मध्ये संगमनेरच्या दिवाणी न्यायालयात झाला. आता पुनर्विवाहाच्या नोंदणीसाठी हुकूमनामा हवा आहे, पण माझी प्रत हरवली. नगरच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज करू, की ऑनलाइन प्रिंट चालेल?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : ताई, काळजी करू नका. प्रत हरवली म्हणून घटस्फोट रद्द होत नाही. जिल्ह्यातले सगळे जुने दावे नगरच्या कौटुंबिक न्यायालयात असतात, हा मात्र गैरसमज आहे. ज्या न्यायालयाने निकाल दिला, तिथल्याच नक्कल विभागात अर्ज करा. त्यात दावा क्रमांक, वर्ष, दोघांची नावे आणि निकालाची तारीख लिहा. ओळखपत्र सोबत ठेवा. क्रमांक आठवत नसेल तर जुन्या वकिलांना विचारा किंवा ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधा. ती प्रिंट फक्त माहितीपुरती. नोंदणीसाठी सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कलच घ्या. माहिती अधिकारात अर्ज करू नका. अशा नकला न्यायालयाच्या नियमांनुसारच मागायच्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. हुकूमनाम्यावर ‘अहमदनगर’ असले तरी बिघडत नाही. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलले. वकिलामार्फत अर्ज करणार असाल तर कोऱ्या कागदावर सही देऊ नका. पावती जपा आणि या वेळी दोन नकला काढून ठेवा.