मोठ्या पडद्यावरील अक्षर अंधुक का दिसते?



गट कार्यालयात ऊस नोंदणीची यादी आता लॅपटॉपवरून मोठ्या पडद्यावर दाखवली जाते. पद्धत चांगली आहे. पाच-सहा जणांना एकाच वेळी आपला गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख आणि क्षेत्र पाहता येते. पण पडदा मोठा झाला म्हणजे अक्षर स्पष्ट झाले, असे नव्हे. पुष्कळदा लॅपटॉपवर लख्ख दिसणारी यादी मॉनिटरवर गेली की धुक्यात ठेवल्यासारखी दिसते. यादीतले आकडे इंग्रजी. त्यात तीन आणि आठ, सहा आणि आठ यांची अंगकाठी सारखीच. क्षेत्र साठ आर की ऐंशी आर, लागण तीन तारखेची की आठ तारखेची, हे कळत नाही. चारचौघांत "दिसत नाही" म्हणायला माणूस संकोचतो आणि मान डोलावून सही करून मोकळा होतो. तोडीचा क्रम त्याच तारखेवरून लागतो, हे आपण जाणताच. म्हणून विषय संगणकाचा असला तरी शेतकी विभागाच्या पानावर तो घेत आहोत. घरी मुले-मुली अभ्यासासाठी लॅपटॉपला मॉनिटर किंवा टीव्ही जोडतात, त्यांनीही हे वाचावे.

मूळ कारण आधी समजून घेऊ. मॉनिटरचा पडदा म्हणजे ठिपक्यांचं रान. सर्वसाधारण मॉनिटरमध्ये आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. हे ठिपके बनवतानाच बसवलेले असतात, मागाहून कमीजास्त होत नाहीत. ह्या मापाला रिझोल्यूशन म्हणतात. अनेक जुन्या व स्वस्त लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र १३६६ बाय ७६८ एवढेच ठिपके असतात. लॅपटॉपने १३६६ चे चित्र पाठवले की मॉनिटरला ते ताणून १९२० मध्ये बसवावे लागते. एका ठिपक्याच्या वाट्याला सुमारे १.४ ठिपके येतात. आता ०.४ ठिपका पेटवायचा कसा? १९२० सऱ्यांच्या रानात १३६६ सऱ्यांचं बेणं सारखं वाटून द्या म्हटलं तर जे होईल तेच इथे होतं. मॉनिटर शेजारच्या ठिपक्यांत रंग मिसळून वेळ मारून नेतो आणि अक्षराची कड फिसकटते. मॉनिटर बिघडलेला नसतो, लॅपटॉपही नसतो.

उपाय असा. विंडोजची खूण असलेली कळ दाबून धरावी आणि पी दाबावे. चार पर्याय येतात. त्यात "डुप्लिकेट" म्हणजे दोन्ही पडद्यांवर एकच चित्र. बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच सापडते, कारण दोघांना एकच माप चालवायचे म्हणून मोठ्या पडद्याला बहुधा लहानाचे माप घ्यावे लागते. त्याऐवजी "एक्स्टेंड" निवडावे. मग मोठा पडदा स्वतंत्र होतो आणि यादीची खिडकी माऊसने ओढून तिकडे नेता येते. कार्यालयात तर हेच बरे. डुप्लिकेट ठेवले की लिपिकाने उघडलेला एखाद्याचा बँक खाते क्रमांकही सगळ्यांच्या समोर येतो. लॅपटॉपचा पडदा नकोच असेल तर "सेकंड स्क्रीन ओन्ली" घ्यावे.

एवढ्यावर थांबू नये. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले असे जावे. वर १ आणि २ आकड्यांचे चौकोन दिसतात, त्यांतला मोठ्या पडद्याचा चौकोन आधी निवडावा. हे विसरले तर बदल भलत्याच पडद्यावर होतो. खाली "डिस्प्ले रिझोल्यूशन"मध्ये ज्या मापापुढे "रिकमेंडेड" लिहिलेले असेल ते घ्यावे. अक्षर बारीक वाटते म्हणून काहीजण माप कमी करतात. तसे अजिबात करू नका, अक्षर मोठे होते पण फुटते. त्यासाठी तिथेच "स्केल" आहे, ते १२५ किंवा १५० टक्के करावे. त्यानंतर एकदा साइन आउट होऊन पुन्हा आत यावे, म्हणजे उघडे असलेले प्रोग्रॅमही नीट दिसू लागतात.

यादीत योग्य माप दिसतच नसेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडून "डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स" पाहावे. तिथे "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर" एवढेच नाव असेल, तर चित्राचा खरा ड्रायव्हर बसलेला नाही. लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून तो घ्यावा.

आता केबल. निळ्या टोकाची, १५ पिनांची, दोन बाजूंना स्क्रू असलेली ती व्हीजीए. ही १९८७ सालची पद्धत. तिच्यातून चित्र लाटेच्या रूपाने जाते, त्यामुळे केबल लांब, हलकी किंवा सैल असली की अक्षराला सावली पडते. स्क्रू घट्ट करावेत आणि मॉनिटरवरचे "ऑटो" बटण एकदा दाबावे. पुष्कळ वेळा अक्षर जागच्या जागी सुधारते. एचडीएमआयमधून चित्र आकड्यांच्या रूपाने जाते. ही केबल खराब असेल तर चित्र जाते-येते, चमचम ठिपके उडतात, पण अक्षर नुसते पुसट होत नाही. तेव्हा "चित्र अंधुक आहे, सोन्याच्या टोकाची केबल घ्या" असे कोणी सांगितले तर पैसे खिशातच ठेवावेत. दोन्हीकडे एचडीएमआयची जागा असताना व्हीजीए वापरू नये, इतकेच.

टीव्ही जोडल्यास आणखी एक गोष्ट आडवी येते. टीव्ही सिनेमाच्या हिशोबाने चालतो. चित्र थोडे फुगवून कडा कापतो, त्यामुळे यादीची पहिली ओळ किंवा शेवटचा रकाना गायब होतो, आणि फुगवल्यामुळे अक्षरही बिघडते. टीव्हीच्या चित्राच्या मेनूत "जस्ट स्कॅन", "स्क्रीन फिट" अशा नावाने सोय असते (कंपनीगणिक नाव वेगळे), ती चालू करावी. जोडणीचे नाव बदलून "पीसी" ठेवता येत असेल तर जरूर ठेवावे. लाल-निळी अक्षरे फिसकटायची ती बऱ्याच टीव्हींवर त्याने सुधारतात. "शार्पनेस" बराच कमी करावा. नावावरून उलट वाटते खरे, पण तो वाढवला की अक्षराभोवती पांढरी किनार येते. काळा रंग राखेसारखा दिसत असेल तर लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये आणि टीव्हीत रंगाची रेंज एकसारखी आहे का, ते पाहावे. एकीकडे "फुल" आणि दुसरीकडे "लिमिटेड" असली की असे होते.

फोर-के टीव्हीवर, म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपक्यांवर, माऊसचा बाण अडखळत चालतो अशीही तक्रार असते. एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत ह्या मापाची चित्रे सेकंदाला फक्त ३० जातात. ६० साठी लॅपटॉप, टीव्ही आणि केबल तिन्ही २.० च्या तोडीची हवीत. यादी वाचायला ३० पुरे. नसेल चालत तर १९२० चे माप ठेवावे. फोर-केचे ठिपके आडवे आणि उभे दोन्हीकडे बरोबर दुप्पट असल्याने तिथे ताण फारसा जाणवत नाही.

सर्व करूनही एखादाच जुना प्रोग्रॅम पुसट राहतो. त्याच्या चिन्हावर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, मग "चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज" उघडावे आणि खालच्या "ओव्हरराइड"च्या चौकोनात खूण करावी.

नवा मॉनिटर किंवा प्रोजेक्टर घेताना पुठ्ठ्यावर "सपोर्टेड" कोणते माप लिहिले आहे हे पाहून भुलू नका. सपोर्टेड म्हणजे तेवढे चित्र तो घेतो, दाखवतोच असे नाही. "नेटिव्ह" माप किती, हे दुकानदाराला विचारावे आणि ते बिलावर लिहून घ्यावे. दुकानातच आपला लॅपटॉप जोडून, बारीक आकड्यांची यादी उघडून, चार पावले मागे जाऊन वाचून पाहावे. दुकानात लावलेला सिनेमा पाहून काही कळत नाही, तो सगळ्याच पडद्यांवर चांगला दिसतो.